बॉक्स उतरवण्याआधी

जुनी ऑटोमॅटिक गाडी गिअर टाकताना झटका मारू लागली, की उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात तिचा निकाल चटकन लागतो: बॉक्स गेला. बॉनेट उघडून पाहणारा हे म्हणतोच, पण न उघडता म्हणणारेही काही कमी नाहीत. या कामात वर्षं जातात तसं एक मत पक्कं होत जातं, की हा निकाल तपासाच्या शेवटी यायला हवा आणि बहुतेक ठिकाणी तो सुरुवातीलाच येऊन बसलेला असतो. गिअर नीट पडत नाही ही तक्रार बॉक्सची असली, तरी तिचं कारण बॉक्समध्येच असेल असं नाही. ऑटोमॅटिक बॉक्स स्वतःच्या मनाने फारसं काही करत नाही. इंजिन किती ताकद देतंय, पॅडल किती दाबलंय, तेल किती तापलंय, गाडी किती वेगात आहे, या माहितीवर तो गिअर बदलतो. यातली एखादी गोष्ट खोटी कळली, तर ठणठणीत बॉक्ससुद्धा चुकीच्या वेळी चुकीचा गिअर टाकतो. म्हणून आधी भोवताल तपासावा, मग तेल, आणि बॉक्सला पाना सगळ्यात शेवटी लावावा, एवढंच माझं म्हणणं आहे. ऐकायला सोपं आहे; प्रत्यक्षात त्याला आडवं येणारं बरंच आहे, आणि त्यातलं सगळंच चुकीचं आहे असंही नाही.

पहिली अडचण ही, की ‘जुनी ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली तीन निरनिराळी यंत्रं गॅरेजच्या दारात उभी राहतात. तीन गिअरची झेन किंवा एस्टीम आता क्वचितच दिसते, पण चार गिअरची आयटेन, होंडा सिटीची सीव्हीटी आणि २०१४ पासून आलेल्या एएमटी गाड्या या भागात भरपूर आहेत. पहिल्या मालकाने मुंबईत वापरून सोडलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती इकडे येते, कल्याण-अंबरनाथ रस्त्याच्या गर्दीत डाव्या पायाला आराम मिळतो म्हणून घेतली जाते, आणि तिच्या पोटात नेमकं काय आहे हे बहुतेक नव्या मालकाला ठाऊक नसतं. आयटेनमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांच्यात तेलाचा दुवा. त्या काळच्या सिटीच्या सीव्हीटीत कन्व्हर्टर नव्हताच, गाडी उचलायला वेगळा स्टार्ट क्लच होता. जागेवरून निघताना ती थरथरली तर संशय आधी त्या क्लचवर आणि जुन्या तेलावर घ्यायचा असतो. आणि २०१४ च्या फेब्रुवारीत सेलेरिओबरोबर आलेली एएमटी हा तर साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. आत नेहमीची सुकी क्लच प्लेट असते, फक्त ती दाबायचं आणि गिअर ओढायचं काम पायाहाताऐवजी अ‍ॅक्च्युएटर करतो. एएमटी गिअर बदलताना मान थोडी पुढे झुकवते, ती नवी असतानाही झुकवायची. तो झटका एकदम वाढला, तर क्लच प्लेट झिजली आहे का, अ‍ॅक्च्युएटरचं तेल कमी झालंय का, प्लेट बदलल्यावर कॉम्प्युटरला तिची नव्याने ओळख करून दिली होती का, हे बघायचं. अशा गाडीला ‘ऑटोमॅटिकचा बॉक्स गेला’ म्हणून पंचवीस-तीस हजारांची भीती घालणं म्हणजे दुसऱ्याच गाडीचं बिल या गाडीवर फाडणं.

मालकाची तक्रार हा पहिला पुरावा, आणि तोच सगळ्यात जास्त वाया जातो. ‘झटका मारते’ या दोन शब्दांत निदान पाच आजार मावतात. सकाळी थंड असताना मारते की तासभर गर्दीत रखडल्यावर? न्यूट्रलमधून डी मध्ये टाकताना, की चालत्या गाडीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना? हलक्या पायावर की पॅडल दाबल्यावर? रेस वाढते पण गाडी उचलत नाही, की गाडी उचलते पण धक्का बसतो? थंड असताना गिअर उशिरा पडतो आणि गरम झाल्यावर सुधारतो, तेव्हा आतली रबरी सील कडक झाल्याचा किंवा तेल कमी असल्याचा संशय घ्यायचा. उलट, थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर घसरत असेल, तर तापून पातळ झालेलं तेल दाब धरत नाही, म्हणजे झीज किंवा गळती. जागेवर डी टाकताच एकच मोठा ठोका बसतो आणि चालताना सगळं सुरळीत असतं, तेव्हा बॉक्सकडे बघण्याआधी इंजिन माउंटिंगकडे आणि आयडलिंगकडे बघावं. हे प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं दिली नाहीत, तर पुढचे पाच दिवस अंदाजाने पार्ट बदलण्यात जातात.

तेलाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण चार गिअरच्या जुन्या बॉक्सांत निम्मं निदान तिथेच होतं. ऑटोमॅटिकमध्ये तेल फक्त वंगण नसतं. त्याच्याच दाबाने क्लच धरतात, त्याच्यामार्फतच इंजिनची ताकद पुढे जाते आणि त्यातूनच उष्णता बाहेर पडते. पातळी थोडी कमी झाली तरी वळणावर पंप हवा ओढतो आणि क्लच क्षणभर सुटतो. जास्त झाली तर फिरणारे भाग तेल घुसळून फेस करतात, फेस दाबला जातो, आणि परिणाम पुन्हा तोच. पातळी बघायची पद्धतही प्रत्येक कंपनीची वेगळी. ह्युंदाईच्या चार गिअरवाल्या अनेक बॉक्सांत तेल गरम करून, लिव्हर सगळ्या खाचांतून फिरवून, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये डिपस्टिक बघायची. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये गाडी गरम करून इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात. एकाची रीत दुसऱ्याला लावली की बरोबर असलेली पातळी चुकीची दिसते, आणि कुणीतरी भलेपणाने अर्धा लिटर जास्त ओतून ठेवतं. पातळीनंतर रंग आणि वास. डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर पडू द्यावा आणि थांबावं. चांगलं तेल पसरत जातं आणि लालसर गोल उरतो. थकलेलं तेल तपकिरी उमटतं. मधोमध काळा ठिपका राहिला, त्यात बोटाला बारीक भुकटी लागली आणि करपट वास आला, तर क्लचचं अस्तर जळून तेलात उतरलंय, आणि तेव्हा बॉक्सवरचा आरोप खरा ठरण्याच्या मार्गावर असतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लेप असेल तर तो वयाचा. कण किंवा तुकडे हाताला टोचले तर गोष्ट वेगळी.

तेलाची जातही तितकीच महत्त्वाची. या ह्युंदाई बॉक्सांना एसपी-थ्री लागतं, होंडाचं आधी झेड-वन आणि नंतर डीडब्ल्यू-वन, सीव्हीटीला तर तिचं वेगळंच. दुकानात ‘ऑटोमॅटिकचं लाल तेल’ मागितलं की जे हाती येतं ते ओतलं जातं. लाल रंग तर बहुतेकांना असतो. फरक असतो तो क्लच किती हळुवार किंवा किती झटकन पकडतो त्यात, आणि ती पकड बदलली की गाडी गिअर बदलताना आपटते किंवा एकसारख्या वेगात थरथरते. जाड खाचांच्या रस्त्यावरून गेल्यासारखी ही थरथर साठ-सत्तरच्या वेगात, हलक्या पायावर येते, आणि ती बहुतेकदा कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची, म्हणजे स्थिर वेगात इंजिन आणि बॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचची, असते. काटई-बदलापूर रस्त्यावर पहाटे गाडी नेली, तर ती पकडायला एक सोपी युक्ती आहे: वेग स्थिर धरायचा आणि डाव्या पायाने ब्रेक पॅडलला दिवा लागेल इतकाच स्पर्श करायचा. ब्रेकचा स्विच लागताच लॉकअप सुटतो, आरपीएम काहीशे वर चढतो, आणि थरथर त्याच क्षणी थांबली तर बोट लॉकअपकडे जातं. इथेही घाई नको. लॉक सुटला की कन्व्हर्टर इंजिनचे हिसकेही गिळून टाकतो, म्हणून एका सिलिंडरचं मिसिंगसुद्धा याच परीक्षेत लॉकअपचा दोष म्हणून पास होतं. प्लग आणि कॉइल बघितल्याशिवाय कन्व्हर्टरवर शिक्कामोर्तब करू नये.

बदलापूरच्या गाड्यांत आणखी एक शक्यता धरून चालावी लागते, ती पुराची. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने काय केलं ते इथल्या जुन्या लोकांना सांगावं लागत नाही. जुलै २०१९ मध्ये तर बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकली होती. अशा दिवसांत घरांखाली उभ्या असलेल्या गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. ऑटोमॅटिक बॉक्सला वर एक छोटा ब्रीदर असतो, आतली हवा तापून फुगली की बाहेर जायला. चालून तापलेली गाडी पाण्यात उभी राहिली की बॉक्स थंड होतो, आतली हवा आकसते, आणि त्याच ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. मग तेलाचा रंग होतो रूहअफजा घातलेल्या दुधासारखा. हाच रंग आणखी एका कारणाने येतो: रेडिएटरच्या आत बसवलेला तेलाचा कूलर फुटून कूलंट बॉक्समध्ये शिरतं, आणि वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलेल्या रेडिएटरमध्ये गंजाने हे लवकर घडतं. पाणी आणि कूलंट दोन्ही क्लच प्लेटवरच्या कागदी अस्तराचा गोंद सोडवतात. हा गुलाबी रंग दिसला, की तेल बदलून गाडी ‘बघू’ म्हणून पाठवणं चूक. पुराचा संशय असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटचा हातभर पट्टा बघावा, सीटच्या पट्ट्यांखालचे बोल्ट बघावेत. गाळाची रेघ तिथे वर्षानुवर्षं राहते. थोडक्यात, भोवताल तपासण्याचा आग्रह बॉक्सला वाचवण्यासाठीच असतो असं नाही. कधी बाहेरचाच पुरावा बॉक्सला दोषी ठरवतो.

आता भोवताल. जुन्या गाडीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे ती बॅटरी आणि तिचं अर्थिंग. बॉक्समधल्या तेलाच्या वाटा उघडणारे-मिटणारे सोलेनॉइड विजेवर चालतात, बॉक्सचा कॉम्प्युटरही. बॅटरी थकली, बॉडीशी जोडलेली अर्थिंगची पट्टी गंजली, पावसाळ्यात एखाद्या कनेक्टरमध्ये हिरवट लेप साचला, उंदरांनी बॉक्सकडे जाणारी वायर कुरतडली, की कॉम्प्युटर बॉक्सला वाचवायला एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. अनेक जुन्या चार गिअरवाल्या ह्युंदाईत तो तिसरा असतो. गाडी जागेवरून जेमतेम उचलते, वेगात मात्र बरी चालते, आणि मालकाला वाटतं पहिला-दुसरा गिअर तुटला. किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्यावर काही काळ ती ठीक चालली, तर तुटण्यापेक्षा कॉम्प्युटर असा अडकून बसल्याचीच शक्यता जास्त. यांत्रिक मोडतोड किल्ली फिरवल्याने जुळत नाही. याच यादीत थ्रॉटल बॉडीतली घाण, रेडिएटरचा बंद पडलेला पंखा, आणि ब्रेकच्या दिव्याचा बिघडलेला स्विच येतात. पंखा विशेष. गर्दीत वाऱ्याचा झोत नसतो, कन्व्हर्टर मात्र सतत तेल घुसळून तापवत असतो, आणि ते तेल थंड व्हायला त्याच रेडिएटरवर अवलंबून असतं. पंख्याची साधी दुरुस्ती टाळून पुढे जळालेल्या बॉक्सवर खर्च केलेले मालक या भागात दुर्मीळ नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्कॅनरवाल्यांचा: एवढी मेहनत कशाला, मशीन लावा, कोड वाचा. मशीन लावायलाच हवं, वाद तिथे नाही. पण कोड म्हणजे कॉम्प्युटरला काय खटकलं त्याची नोंद. ते का खटकलं हे त्यात नसतं. पी ०७०० चा अर्थ फक्त एवढाच, की बॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी सांगण्यासारखं आहे, आणि स्वस्तातले बरेच रीडर त्याच्या पुढे वाचूच शकत नाहीत. पी ०७३० म्हणतो, आतल्या आणि बाहेरच्या शाफ्टच्या वेगाचं प्रमाण गिअरशी जुळत नाही. ते क्लच घसरल्यानेही जुळत नाही आणि वेग मोजणारा सेन्सर चुकला तरीही. पी ०७४१ आला की लॉकअप लागत नाही हे कळतं. पण सोलेनॉइड गेलाय, कन्व्हर्टर गेलाय की तेल चुकीचं आहे, हे चालत्या गाडीतला डेटा बघणाऱ्यालाच कळेल. तिघांचं बिल एकमेकांच्या जवळपासही नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो या गावाच्या स्वभावातून येतो. ८ ऑगस्ट १९४९ ला ज्या छावणीचं उल्हासनगर असं नामकरण झालं, तिथे आलेल्या सिंधी निर्वासितांनी रिकाम्या लष्करी बराकींतून बाजार उभा केला. इथे काय बनत नाही, असा त्याचा लौकिक झाला, आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद उभ्या मुंबईने केला. शेजारी अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि एमआयडीसी; बुश, ड्रम, शाफ्ट काय हवं ते लेथवर बनवून मिळतं. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून आख्खा बॉक्स आणायलाही उशीर लागत नाही. मग तपासत बसण्यापेक्षा वापरलेला बॉक्स आणून टाकला तर काय बिघडलं? हिशेब दिसतो तितका वाकडा नाही. बॉक्स खोलून त्याची सगळी सील, अस्तर आणि बुश बदलण्यापेक्षा वापरलेला बॉक्स बऱ्याचदा खरोखर स्वस्त पडतो, आणि काही जुन्या गाड्यांसाठी दुसरा मार्गच नसतो. पण हा हिशेब फक्त तेव्हा जमतो, जेव्हा दोष बॉक्समध्येच असल्याचं ठरलेलं असतं. अर्थिंगमुळे झटके मारणाऱ्या गाडीत कुर्ल्याचा बॉक्स टाकला, तर तोही झटकेच मारणार, आणि मालकाच्या पदरी एका अनोळखी गाडीतला, अनोळखी किलोमीटर चाललेला बॉक्स पडणार. पार्ट सहज मिळणं ही या गावाची ताकद आहेच, पण तीच विचार करायची गरज मारते.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा समजूत आहे: जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदलू नका, बदललं की बॉक्स मरतो. अशी उदाहरणं सगळ्यांनी पाहिलेली असतात, म्हणून ती हसण्यावारी नेता येत नाही. पण त्यांतला क्रम बघावा. बहुतेक मालक तेल बदलायला येतात ते गाडी घसरायला लागल्यावर. म्हणजे क्लच आधीच संपलेला असतो, आणि तेल बदलल्यावर चार-सहा आठवड्यांत तो पूर्ण बसला, की दोष तेलाला लागतो. थोडं तथ्य एका जागी आहे: मशीन लावून दाबाने आतला सगळा गाळ ढवळला, तर तो व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन बसू शकतो. म्हणून जुन्या बॉक्सचं तेल खालून सोडून तेवढंच भरावं. त्यात साधारण अर्धंच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. काही दिवस चालवून पुन्हा तसंच करावं. तेल करपलेलं असेल आणि गाडी घसरत असेल, तर हे औषध नाही हे मालकाला आधीच सांगून टाकावं, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते. कंपनीच्या पुस्तकात तेल बदलायची गरज नाही असं लिहिलेलं दाखवणाऱ्यांना एवढंच सांगणं, की अशा बहुतेक पुस्तकांत कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असतो. उष्ण हवा, सततची गर्दी आणि थांबत-चालत गाडी चालवणं म्हणजे कठीण वापर, हे तिथेच छापलेलं असतं. कल्याण-अंबरनाथ रस्त्याला याहून नेमकं वर्णन सापडणार नाही.

खरा अडथळा मात्र पैशाचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. गाडी थंड असताना बघायची तर ती रात्रभर ठेवावी लागते. सकाळी चालवायची, गरम करून पुन्हा चालवायची, वायरी तपासायच्या. यात एकही पार्ट बदलला जात नाही, आणि मालक विचारतो, ‘नुसतं बघायचे पैसे?’ बॉक्स उतरवण्याचे मात्र तो मुकाट देतो, कारण काहीतरी मोठं झालेलं त्याला डोळ्यांनी दिसतं. मग गॅरेजवालाही तेच विकतो जे विकलं जातं. गॅरेजवाल्यांना लबाड म्हणून हे सुटणार नाही. तपासणीचा दर वेगळा लिहून, तो दुरुस्ती केली तरी आणि न केली तरी घ्यायचा, असं उघड केलं तर काही गिऱ्हाइकं जातील हे खरं. पण जी राहतील त्यांना ‘तुमचा बॉक्स ठीक आहे, अर्थिंगची पट्टी बदला’ हे वाक्य परवडण्याजोगं होईल, आणि ते बोलणाऱ्यालाही.

आणि समजा, सगळं तपासून बोट बॉक्सवरच आलं, तरी ती मेहनत फुकट जात नाही. ह्युंदाई-मित्सुबिशी पठडीतल्या काही चार गिअरच्या बॉक्सांत कोणता क्लच कोणत्या गिअरला लागतो याचा तक्ता सरळ आहे: अंडरड्राइव्ह पहिल्या तिघांना, ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या-चौथ्याला, सेकंड ब्रेक दुसऱ्या आणि चौथ्याला. गाडी चालवताना पहिले तिन्ही घसरतात पण चौथा आणि रिव्हर्स धरतात, तर अंडरड्राइव्ह. दुसरा आणि चौथाच घसरतात, तर सेकंड ब्रेक. कोणता गिअर जातो ते रस्त्यावरच कागदावर लिहून ठेवलं, तर बॉक्स उघडण्याआधीच आत काय सापडणार याचा अंदाज असतो, आणि कोणते पार्ट मागवायचे तेही ठरतं. तेवढं झालं की बॉक्स खुशाल उतरवावा. उतरवल्यावर रेडिएटरमधला कूलर आणि त्याच्या दोन्ही नळ्या उलट्या दिशेने धुऊन काढाव्यात आणि कन्व्हर्टर साफ करून घ्यावा, नाही जमलं तर बदलावा, कारण जुन्या क्लचची भुकटी तिथेच साचलेली असते. हे टाळून बसवलेला बॉक्स ती भुकटी पहिल्याच दिवशी ओढून घेतो, काही महिन्यांत तीच तक्रार घेऊन परत येतो, आणि तेव्हा मालकाला सांगितलं जातं की माल डुप्लिकेट निघाला.